सहा ते सात : लाकडं फोडणे

सकाळी साडेसहाला पलीकडच्या शेतातला नामदेव आमच्या अंगणात येऊन ओरडला, "मास्तर, काळूला बांधावर कापला!" गुडघ्यापर्यंत चिखल, हातात गवताचा विळा तसाच. मी तेव्हा अंथरुणात होतो. हे आधी सांगून टाकतो, कारण दीड महिना झाला तरी ते पांघरूण माझ्या अंगावरून उतरलेलं नाही...

काळूदादा माझा सख्खा थोरला भाऊ. खारबावजवळच्या आमच्या गावात आता जो तो त्याला देवमाणूस म्हणतो. खोटं आहे ते. दादाचा हात फार वाईट होता. निजामपुऱ्यात आमचे चार लूम होते, तेव्हा एका कारागिराने कापड बिघडवलं म्हणून दादाने लोखंडी दांडा उचलला. मी मध्ये पडलो. माझं डावं कोपर फुटलं, हाड बाहेर आलेलं मी स्वतः पाहिलं. ते कोपर आजही सरळ होत नाही. हॉस्पिटलात दादा माझ्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. "माज्या हाताला कायतरी काम दे रं," म्हणाला, "न्हायतर मी कुनाचा तरी जीव घेन."

मी पडलो शाळामास्तर. मला दुसरं काय सुचणार? वेळापत्रक! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल पेनने लिहून दिलं. साडेपाचला उठणे. सहा ते सात लाकडं फोडणे. मग आंघोळ, चहा. चहा होईपर्यंत धंद्याचा, जमिनीचा विषय काढायचा नाही. मला वाटलं, आठवडाभर टिकेल. दादाने ते नऊ वर्षं पाळलं. बाभळीच्या ओंडक्यावर तो असा तुटून पडायचा, की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. दर घावाला एक शिवी, तीही नाव घेऊन. मग घामाने निथळत घरी यायचा, स्वतः चहा करायचा आणि पहिला कप माझ्या उजव्या हातात द्यायचा. त्या नऊ वर्षांत त्याने कुणावर हात उगारला नाही. जाताना माझ्या खिडकीवर टकटक करायचा, "उठलास का मास्तर?" मी "हो" म्हणायचो आणि कूस बदलायचो. आवाजाने पोरांची झोप मोडते म्हणून त्याला अंगणातून शेताच्या बांधावर पाठवलं, तेही मीच.

शेजारच्या जमीनमालकाला गोदामासाठी आमच्या भातशेतातून रस्ता हवा होता. दादा नाही म्हणाला. धमक्या आल्या, त्या आम्ही हसण्यावारी नेल्या. त्या सकाळी खिडकीवर टकटक झाली. "अंग मोडून आलंय रं. आज राहू दे का?"

मी पांघरुणातूनच म्हणालो, "एक दिवस सोडलास की सुटलंच."

तो गेला. जमीनमालकाने पाठवलेल्या तिघांना त्याला शोधावं लागलं नाही. सहा वाजता काळू कुठे असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

नामदेवने पलीकडच्या बांधावरून सगळं पाहिलं. तिघांकडे कोयते होते आणि दादाच्या हातात कुऱ्हाड. दादाने ती मागे भातात भिरकावून दिली. "बसून बोलू," म्हणाला... पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. मी पोचलो तेव्हा अर्धा फुटलेला ओंडका रक्ताने भिजला होता. त्याला स्वतःच्या हाताची भीती होती, म्हणून त्याने कुऱ्हाड टाकली. ती भीती नऊ वर्षं रोज सकाळी मीच पक्की करून घेतली होती.

दोघे सापडले, तिसरा फरार आहे. त्याचा भाऊ मात्र रोज सहाला देवळामागच्या ओट्यावर दात घासत बसतो. त्याची वेळ मला पाठ झाली. दादाची कुऱ्हाड पोलिसांकडे, म्हणून गेल्या सोमवारी मी बाजारातून नवी आणली. मंगळवारी पहाटे ती घेऊन निघालो, तर वहिनी दारात उभी.

"भावजी, कुनासाठी आनली ही?"

मी कुऱ्हाड पाठीमागे घेतली. तिने खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्या छातीवर दाबून धरलं. "सहा वाजायला आलेत," म्हणाली. "बांधावर जा."

मी गेलो. तो अर्धा ओंडका अजून तिथेच होता. पहिल्या घावाला मी त्या फरार माणसाचं नाव घेतलं. दुसऱ्याला त्याच्या भावाचं. वाकड्या कोपरातून कळा निघत होत्या, पण मी थांबलो नाही. पाचव्या घावाला शिवीबरोबर माझं स्वतःचं नाव निघालं, आणि मग शेवटपर्यंत तेच निघत राहिलं.

सातला घरी आलो आणि वहिनीसाठी चहा ठेवला.