कोआला आणि आमची झडती

दसरा झाला आणि इमामभाई सौदागरांबरोबर मी कोल्हापूर सोडले. मंगळवार पेठेत ते आमचे शेजारी. घोड्यांचा व्यापार त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. या वर्षी स्वतः ऑस्ट्रेलियात जाऊन घोडे निवडायचे त्यांनी मनावर घेतले, आणि इंग्रजी बोलायला मला, एका शाळामास्तरला, सोबत घेतले. गाडी हलताच त्यांनी मला बजावले, "मास्तर, घोडं इकणाऱ्याचं खरं मानायचं न्हाय. माजं बी न्हाय."

मुंबईहून कोलंबोमार्गे मेलबर्न. समुद्राने माझे हाल केले. इमामभाई मात्र डेकवर बसून दशम्या खात होते. मेलबर्नहून आगगाडीने आम्ही पूर्वेच्या डोंगराळ मुलखात शिरलो. आपल्याकडे थंडी पडू लागलेली, तर तिथे उन्हाळा तोंडावर. उंचच उंच झाडे, साली सोलून खाली लोंबत असलेली, आणि हवेला सर्दीत छातीला चोळतात त्या तेलाचा वास. तिथे या झाडांना 'गम ट्री' (म्हणजे आपली निलगिरी) म्हणतात.

ज्यांच्याकडे घोडे पाहायचे त्या मार्थाबाई विधवा होत्या. रुंद खांदे, उन्हाने तांबूस झालेला चेहरा, बोलणे तोडून टाकल्यासारखे. त्यांनी हातात हात दिला, पण नजर आमच्या वळकट्यांवर. त्यांचे घोडे पाहून माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. पंधरा-वीस घोड्या कुंपणाशी उभ्या, एकही उधळत नव्हती.

स्वयंपाकघरामागच्या झाडाच्या बेचक्यात राखी रंगाचे एक गाठोडे दिसले. मला वाटले, कुणी घोंगडे वाळत टाकले आहे. मग त्याला कान दिसले, आणि मोठे काळे नाक.

"अस्वलाचं पिल्लू हाय व्हय?" इमामभाई म्हणाले.

"अस्वल नाही, 'कोआला' (तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतला शब्द)," बाई म्हणाल्या. "फासेवाल्यांनी कातड्यासाठी हिच्या आईला मारले. ही आईच्या पोटावरच्या पिशवीत जिवंत होती. मी वाढवली."

ती दिवसभर झोपते, पाणी क्वचितच पिते, आणि या झाडाच्या पाल्याशिवाय कशाला तोंड लावत नाही, असेही त्यांनी सांगितले. ऊन उतरले तरी ती हलेना. इमामभाई माझ्या कानाशी लागले. "अफू चारलीया. इतकं झोपतंय कुटलं जनावर? आन्‌ ह्याला चारती, तर घोड्यास्नी न्हाय चारायची?" नाठाळ घोडे अफू घालून बाजारात गरीब म्हणून उभे करतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. मलाही ते पटले.

मी बाईंना विचारले, "जनावरांना तुम्ही आणखी काही चारता का?"

प्रश्नातली खोच त्यांना कळली. "घोड्यांना गवत, तिला पाला," एवढेच बोलून त्या आत गेल्या.

जेवायला मटण, पाव आणि उकडलेले बटाटे होते. इमामभाईंनी मटणाला हात लावला नाही. पावाला लावलेले लोणीसुद्धा हुंगून पाहिले आणि कोल्हापूरहून आणलेल्या चटणीशी बटाटे खाल्ले. बाई ते सगळे पाहत होत्या. तेवढ्यात रानातून करवत चालावी तसा घोगरा आवाज आला.

"रानडुक्कर!" इमामभाई उठले.

"कोआलाचा नर आहे," बाई म्हणाल्या. एवढेसे जनावर असे ओरडते, यावरही माझा विश्वास बसला नाही.

सकाळी झाड रिकामे होते.

बाई सरळ आमच्या खोलीच्या दारात आल्या. "गावात तिच्या कातड्याला गिऱ्हाईक आहे," त्या मला म्हणाल्या. "तुमचे सामान उघडा."

मला भयंकर राग आला. इमामभाईंनी पेटी उघडली, वळकटी सोडली, नमाजाची चटईसुद्धा झटकून दाखवली. चटणीचा डबा उघडला तेव्हा मात्र बाईंनी मान खाली घातली.

मग आम्ही तिघेही रानात शोधायला निघालो. आदल्या दिवशी त्या बेचक्याखाली मी खजुराच्या बियांएवढ्या लेंड्या पाहिल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या एका झाडाखाली तशाच ताज्या लेंड्या पडल्या होत्या, आणि गुळगुळीत बुंध्यावर नखांचे ओरखडे. वर पाहिले. ती फांदीला मिठी मारून बसली होती. एक पान तोडायची, हुंगायची, टाकून द्यायची. दुसरे हुंगायची आणि सावकाश चावायची. तिच्या वरच्या फांदीवर एक थोराड नर झोपला होता.

बाईंनी हाक मारली. तिने खाली पाहिले आणि पुन्हा पानाकडे वळली.

"त्यास्नी सांगा मास्तर," इमामभाई म्हणाले, "आमी बी अफूचा संशय घेतला हुता. फिटंफाट."

मी भाषांतर केले. बाई आधी लाल झाल्या, मग डोळे पुसत हसल्या. "शिडी आणून उतरवता येईल," त्या म्हणाल्या, "पण ती पुन्हा इथेच येईल. आणि फासेवाले इकडून फिरतात."

इमामभाईंनी डोक्याचा लाल पटका सोडला आणि झाडाच्या बुंध्याला गच्च बांधला. "पाळीव हाय म्हनून कळंल की." बाईंनी गाठ ओढून पाहिली आणि आणखी एक मारली.

दोन प्रहरी घोड्यांचा सौदा झाला. घोड्या खरोखरच शहाण्या निघाल्या. बोटीवर एकीनेही दावे तोडले नाही.

कोल्हापुरात पोचलो त्या संध्याकाळी पेठेतले लोक घोडे पाहायला जमले. मी कोआलाची हकीकत सांगू लागलो. "पोटाला पिशवी? पानी पीत न्हाय?" एकजण ओरडला. "मास्तर, बोटीवर काय पाजलं तुमाला?" सगळे हसले. मी इमामभाईंकडे पाहिले. ते एका घोडीचा खूर तपासत होते.

"खरं हाय त्येंचं," ते मान वर न करता म्हणाले. "पर मी तितं नसतो, तर मी बी मानलं नसतं."

आमची वळकटी सोडायला लावणाऱ्या त्या बाईवरचा माझा राग इमामभाईंनी फिटंफाट म्हटल्यावरही गेला नव्हता, बोटीवरही नाही. पेठेतल्या त्या हसणाऱ्या, ओळखीच्या असूनही माझे खरे न मानणाऱ्या माणसांमध्ये उभा असताना तो गेला.