तिच्या आवाजाएवढा वेळ

"मॅडम, आमची पोरगी कुठं घालवली तुमी?"

कोल्हारजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर मी गाडीतून उतरले आणि तिथले सचिव सोपानराव यांनी हे विचारलं. सकाळची वेळ होती. किटल्या आणि कॅन घेऊन माणसं रांगेत उभी होती. रांग हसली, सोपानराव हसले नाहीत.

पोरगी म्हणजे त्यांच्या जुन्या मशीनमधला आवाज. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या कंपनीने ते मशीन काढून तिथे नवं मशीन ट्रायलला लावलं होतं. नव्या मशीनचा आवाज वेगळा होता. तेव्हापासून फॅट चुकतंय अशी तक्रार येत होती. ट्रायल फसली असती तर डेअरीने ऑर्डर दिली नसती.

ओवी, ईशान, ती पोरगी म्हणजे तुमची आई. हे तुम्हाला तीच वाचून दाखवणार आहे. तिला सांगा, मध्ये थांबायचं नाही.

आधी मशीन काय करतं ते सांगते. दुधाचा भाव त्यातल्या स्निग्धांशावर, म्हणजे फॅटवर ठरतो. मशीन एका बारीक नळीतून थोडं दूध ओढतं, फॅट मोजतं आणि आकडा मोठ्याने सांगतं. सांगावा लागतो, कारण स्क्रीन सचिवांच्या बाजूला असते आणि दूध घालणारा समोर उभा असतो. आपला आकडा आपल्या कानाने ऐकला की माणूस निश्चिंत होतो.

संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप येतो. पण लिफ्ट, वॉशिंग मशीन, दुधाचं मशीन, यांच्या पोटातही एक छोटी चिप असते आणि ती जन्मभर एकच प्रोग्रॅम चालवते. त्याला एम्बेडेड सॉफ्टवेअर म्हणतात. माझी सगळी नोकरी त्यातच झाली, नगरच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये. शेडचं आता ऑफिस झालं आहे आणि नगरचं अहिल्यानगर. मी भिंगारला राहते, ते तेवढं तसंच आहे.

त्या शेडमध्ये मी आणि माझे सीनियर बापटसाहेब, आम्ही दोघांनी जुन्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिला. आवाजाचा भाग माझा, पंपाचा त्यांचा. स्टुडिओ आम्हाला परवडणारा नव्हता. बापटसाहेबांनी स्वतःचा आवाज भरून पाहिला. त्या बारक्या स्पीकरमधून तो पिंपात बसून बोलल्यासारखा यायचा. रविवार होता, तुमची आई माझ्याबरोबर आली होती आणि खुर्चीत पाय हलवत बसली होती. ती तेव्हा तिसरीत होती. लहान मुलांचा बारीक आवाज छोट्या स्पीकरला मानवतो, आणि कॅनच्या खणखणाटातूनही ऐकू येतो. बापटसाहेब तिला म्हणाले, "बाई, शून्यापासून नऊपर्यंत म्हण. मग पॉइंट म्हण. लिमलेटची गोळी मिळेल."

तिने शाळेत पाढे म्हणतात तसं म्हटलं. दोऽन. तीऽन. चाऽर. हात पाठीमागे बांधून.

ती मशीनं पुढे कितीतरी गावांत गेली. तुमची आई मोठी झाली, शिकली, तिकडे परदेशात गेली. इकडे रोज सकाळ-संध्याकाळ ती तिसरीतच होती.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी संकेतचा फोन आला. आमच्या जुन्या मालकांचा हा मुलगा, आता कंपनी तोच बघतो.

"मॅडम, त्या मशीनच्या चिप्स बाजारात मिळेनाशा झाल्यात. सगळं नव्या चिपवर न्यायचंय. पण कोड बघितला की आमची मुलं पळून जातात."

"पळू दे. मी येते."

असा जुना, चालता आणि कुणी हात लावायला धजत नाही तो कोड म्हणजे लेगसी कोड. त्याचं बाहेरचं काम तसंच ठेवून आतली मांडणी नव्याने करायची, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. डबे सगळे बदलायचे, पण आमटीची चव बदलता कामा नये.

मी एकेक भाग सुटा करत गेले. तुलना करायला टेबलावर जुनं मशीन ठेवलं होतं. टेस्टिंगला लागायचं त्यापेक्षा जास्त वेळा मी ते चालवत होते.

संकेतने नव्या मशीनसाठी कंप्युटरवर तयार केलेला आवाज घेतला होता. स्वच्छ, बाईचा, भराभर बोलणारा. "जुना फार खरखरतो," तो म्हणाला. "कोण होती हो ती?"

"ऑफिसमधल्या कुणाची तरी मुलगी," मी म्हटलं. घरचं काम ऑफिसात न्यायचं नाही, हा माझा नियम. तो आवाज राहावा असं मला फार वाटत होतं, म्हणूनच त्या बाबतीत बोलायचा मला अधिकार नव्हता.

तर त्या सकाळी मी केंद्रावर स्टूल घेऊन बसले. नवा आवाज टकाटक आकडे सांगत होता. मला मशीनमध्ये काही वावगं दिसेना. रांगेत मात्र दिसलं.

हिराबाई नावाच्या बाई म्हशीचं दूध घेऊन आल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. पुढचा एक जण वळून म्हणाला, "मावशी, तुमी व्हा म्होरं."

"ऱ्हाऊ दे की."

"न्हाई न्हाई. वडीलमानूस तुमी."

त्यांना पुढे घालून तो त्यांच्या बरोबर मागे उभा राहिला. थोड्या वेळाने आणखी एक म्हशीवाले आले, त्यांनाही कुणीतरी असंच पुढे घेतलं.

"हे रोज असं असतं?" मी सोपानरावांना विचारलं.

"कशाचं! मागल्या म्हैन्यात नंबरावरनं किटल्या फेकल्यात ह्यांनी. ह्या आठवड्यातच लई गुनाची झालीत."

"हे मागे थांबलेले, यांच्याकडे गाई आहेत का?"

"व्हय. समद्यांच्या गाईच."

"आणि तक्रार कुणाची आहे?"

सोपानरावांनी रांगेवर नजर फिरवली. "म्हशीवाल्यांची. गाईवाला एक बोलंना."

म्हशीच्या दुधात फॅट जास्त, गाईच्या कमी. नळीत आधीचं दूध थोडं राहत असेल, तर म्हशीच्या मागे आलेल्या गाईचा आकडा फुगणार आणि गाईच्या मागे आलेल्या म्हशीचा घसरणार. कारण कुणाला माहीत नव्हतं, पण कुणाच्या मागे उभं राहायचं ते सगळ्या गाईवाल्यांना चार दिवसांत कळलं होतं.

हिराबाई मशीनचा आकडा ऐकून माझ्याकडे वळल्या. "ही बाई खोटं बोलती. आमची पोरगी कदी खोटं बोलली न्हाई."

मी मान हलवली.

ऑफिसात येऊन मी पंपाचा जुना कोड पुन्हा उघडला. मोजणी झाली की पंप उलटा फिरतो आणि नळी धुतो. तो किती वेळ फिरवायचा, याचा आकडा कुठेच नव्हता. होती फक्त एक ओळ. आवाज सुरू झाला की पंप सुरू, आवाज संपला की पंप बंद.

मग लक्षात आलं. त्या जुन्या चिपमध्ये वेळ मोजायची दोनच घड्याळं होती आणि दोन्ही दुसऱ्या कामांत अडकली होती. आवाजाच्या चिपला मात्र एक पाय, म्हणजे पिन, होता, जो "बोलून झालं" असा इशारा द्यायचा. बापटसाहेबांनी तोच इशारा पंपाला जोडला. तुमच्या आईचं दोऽन, तीऽन, चाऽर जेवढा वेळ चालायचं, तेवढ्यात नळी स्वच्छ व्हायची. इतकी वर्षं लोकांचा आकडा खरा यायचा, कारण एक मुलगी सावकाश बोलत होती. आम्ही ती ओळ जशीच्या तशी नव्या मशीनमध्ये आणली आणि तिथे भराभर बोलणारी बाई बसवली.

बापटसाहेब आता नाहीत. असते तर त्यांना हे सांगायला मी चालत गेले असते.

संकेत म्हणाला, "मग जुनाच आवाज परत टाकू. आजच्या आज सुटेल."

त्याने हे अगदी सहज म्हटलं. मी हो म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

"नको," मी म्हटलं. "पुढे कुणी आवाज बदलला की हेच होईल. पंपाला स्वतःचं घड्याळ देऊ."

"मग आवाज कुठलाही चालेल?"

"कुठलाही."

कोड थोडाच होता. एका दुपारी लिहून झाला. मशीनला आता तुमच्या आईची गरज उरली नव्हती.

पुढच्या खेपेला संकेतही केंद्रावर आला. म्हशीमागे गाय, गाईमागे म्हैस, उलटसुलट सगळं तपासलं. आकडे चोख आले. हिराबाईंनी आपला आकडा दोनदा ऐकला.

"बरुबर हाय आता. पन हिला घाई लई. बस धरायचीय जनू."

सोपानरावांनी पेन खिशाला लावलं. "मॅडम, मशीन पास. पोरगी परत बसवा, मग सही करतो."

"अहो, आवाजाचा काही संबंध नव्हता," संकेत म्हणाला. "मॅडमनीच सिद्ध केलंय."

"नसंल. आमाला तीच पायजे."

परतताना गाडीत संकेत म्हणाला, "ऑफिसमधल्या कुणाची तरी मुलगी. तुमचीच ना?"

"ऑफिसमध्ये मीही होतेच."

जुन्या मशीनच्या स्पीकरची वायर कंप्युटरला जोडून मी एकेक आकडा रेकॉर्ड करून घेतला. सगळे मिळाले. पण नव्या मशीनला "पावती घ्या" असंही म्हणायचं होतं, आणि ते तुमच्या आईने कधी म्हटलंच नव्हतं. तिने फोनवर म्हणून पाहिलं. तिचा आवाज आता माझ्यासारखा झाला आहे. म्हणून ओवी, तुला सांगितलं. व्हिडिओ कॉलवर तुझा "त" काही केल्या नीट येईना, मागून ईशान हसत होता, आणि खिडकीबाहेर तुमच्याकडे बर्फ पडत होता. शेवटी जसं आलं तसं घेतलं.

ते बसवलं त्या सकाळीही हिराबाई रांगेत होत्या. मशीन म्हणालं, "साऽत पॉइंट एऽक. पावती घ्या."

हिराबाई थबकल्या. "आकडा सांगती ती आपली. ही दुसरी कोन? पाव्हनी दिसती."

"आसंना," सोपानराव सही करत म्हणाले. "ऱ्हाईल हितं तर शिकंल बोलायला."

या कामातून घ्यायचा धडा साधा आहे. जुन्या कोडमधली एखादी गोष्ट काढण्याआधी, तिच्या भरवशावर आणखी काय चाललं आहे ते बघावं.

मशीन तेव्हापासून नीट चालू आहे. तरी मी मधूनमधून सकाळची बस धरून कोल्हारला जाते आणि स्टुलावर बसते. सोपानराव चहा सांगतात आणि विचारतात, "काय मॅडम, काय तक्रार आली का?"

"नाही," मी सांगते. "रुटीन चेकिंग."