दोन भाकऱ्या, पाच किलोमीटर
तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं नाही तर इन्सुलिन सुरू करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी जेवणातल्या तांदळाच्या चार भाकऱ्यांवरून दोनवर आलो आणि रोज सकाळी कामतघरच्या तलावाकाठी पाच किलोमीटर चालू लागलो. दोन्ही आकडे वहीत लिहायचो. वडप्याच्या गोदामात आलेला माल वजन करून घेणं हे माझं काम, म्हणून स्वतःचं वजनही तिथल्याच काट्यावर करायचो. तीन महिन्यांत उतरलं सातशे ग्रॅम.

शेवटच्या आठवड्यात डब्यातली एक भाकरी काट्यावर ठेवली. दोनशे चाळीस ग्रॅम भरली. घरी येऊन बायकोला विचारलं.

"पीठ पहिल्याएवढंच घेते, थापते मात्र दोनच," ती म्हणाली. "एवढं चालून येता, वर उपाशी ठेवू? कुठे चक्कर येऊन पडलात तर?"

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही दोन म्हणालात, दोन दिल्या. केवढ्या ते कुठे बोललात?"

खोक्यांच्या नुसत्या संख्येवर मी कधी सही केलेली नाही, आणि भाकऱ्या मात्र मोजत बसलो.

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, आणखी तीन महिने मागितले. ते म्हणाले, "साखर इतकी वाढलीय की आता थांबता येणार नाही." सुई सुरू झाली. सुई घेतल्यावर जेवण टाळायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. चालायला अजून जातो. वजन उतरेल असं आता वाटत नाही.