स्नेहलच्या मॉडेलमधली चूक मी का शोधली?

मंडळी, आज ऑफिसात मला हेवा वाटला. लपवत नाही.

आमच्या स्नेहलने भनपुरीच्या कारखान्यांसाठी सौरऊर्जेचं मॉडेल दाखवलं. पॅनलचा आकडा बदलला की कोळशाची वीज किती कमी लागेल, ते लगेच पडद्यावर दिसायचं. साहेब म्हणाले, "वाह, कमाल कर दिया!" मी वर्षानुवर्षं हेच हिशेब एक्सेलमध्ये करते. मला कधी कोणी 'वाह' म्हटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिची फाइल उघडली, ती चूक शोधायलाच. सापडली. कारखाने दिवसा चालतात असं तिने धरलं होतं. इथल्या लोखंडी सळया बनवणाऱ्या कितीतरी रोलिंग मिल रात्री चालतात, कारण तेव्हा वीज स्वस्त मिळते. ऊन असतं तेव्हा त्या बंद!

या मॉडेलवरून केलेला आराखडा उद्या मंजुरीला जाणार. चूक साहेबांसमोरच सांगावी असं फार वाटलं. शेवटी तिच्या टेबलाशी गेले आणि चूक तिलाच दाखवली.

"बापरे! बरं झालं ताई," ती म्हणाली. "बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. तुमीच एवढं मनापासून पाह्यलं. उद्या साहेबांना तुमचं नाव सांगतो मी."

मी नुसती "हव" म्हणत मान डोलावली.

मनापासून पाहिलं हे खरं, पण कोणत्या मनाने? तुम्हीच सांगा, उद्या तिला माझं नाव घेऊ देऊ का?