रिकाम्या फॉर्मवरची सही

लोकसभेत माझं नाव पुकारलं गेलं आणि मी शेजारच्या खासदारांना विचारलं, "मेरा नाम क्यों लिया?"

ते म्हातारे गृहस्थ बिहारकडचे. म्हणाले, "आपका सवाल लगा है. खड़ी हो जाइए. सिर्फ नंबर बोलिए."

माझा सवाल? मी कुठलाच सवाल विचारला नव्हता. त्यांनी छापील यादीवर बोट ठेवलं. मी उभी राहिले आणि बोटाखालचा नंबर वाचला. मंत्री उठले, उत्तर पटलावर ठेवलंय म्हणाले, बसले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. पूरक प्रश्न विचारा, म्हणाले.

काय विचारू? मूळ प्रश्नच मला माहीत नव्हता. मागून कोणीतरी मोठ्यांदा बोललं, "मैडम को आज किसी ने पढ़ाया नहीं."

हसले. समोरचे हसले आणि आमच्या बाजूचेही हसले. मी बावीस वर्षं नगरपरिषदेच्या शाळेत शिकवलंय. उभ्या असलेल्या पोराला कुणी हसायचं नाही, हे मी दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गाला सांगायचे. आणि इथे देशाच्या सभागृहात मी तशी उभी होते, पदर घट्ट धरून, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

मग पुढच्या बाकावरून आमचे साहेब उठले. आमच्या जिल्ह्याचे जुने नेते. त्यांनीच मला तिकीट दिलेलं. हात जोडून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सदस्या नई हैं. उनकी तरफ से मैं मंत्रीजी का धन्यवाद करता हूँ." बाकं वाजली. मी खाली बसले. कुणी बस म्हणालं नव्हतं.

बसल्यावर मी तो कागद वाचला. प्रश्न माझ्या नावाचा होता. आमच्या तालुक्याच्या गावची पाणीपुरवठा योजना पूर्ण झाली का, वस्तीसाठी आलेला केंद्राचा पैसा नीट खर्च झाला का? उत्तर : होय महोदय. काम पूर्ण आहे. वस्तीतल्या प्रत्येक घराला नळ दिला आहे. खर्चात काहीही गैर आढळलं नाही.

वस्ती म्हणजे माझी वस्ती. मी तिथेच जन्मले. माझी आई अजून तिथेच राहते. टाकी बांधलेली आहे, मोठी, निळ्या रंगाची, वर साहेबांच्या पुतण्याचं नाव. पुतण्या नगराध्यक्ष. पण टाकीतून एक पाइप खाली आलेला नाही. तिच्यात पाणी पडलेलं कुणी बघितलेलं नाही. आई सत्तरीची आहे आणि वरच्या आळीतल्या बोअरवरून कळशी आणते. तिथे तिला आधी बाकीच्यांचं होऊ द्यावं लागतं. मग हिचा नंबर. कळशी लांब धरायची, कुणाच्या भांड्याला लागता कामा नये.

आता हे माझ्या नावावर कसं आलं, ते सांगते. सांगताना माझीच मला लाज वाटते, पण सांगते.

क्वार्टर मिळेपर्यंत मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये राहत होते. साहेबांचा पीए दिनेश रोज सकाळी चहाच्या आधी हजर. हातात प्रश्नांच्या नोटिशीचे फॉर्म. कोरे. "ताई, इथं फक्त सही." मी विचारलं होतं एकदा, हे काय? म्हणाला, "रूटीन आहे ताई, बिल्कुल रूटीन. सगळे नवे देतात." आणि मी दिली. रोज दिली. हेडमास्तर बोट ठेवतील तिथे सही करायची सवय, दुसरं काय! मेली सवय. पोरांना सांगायचे वाचल्याशिवाय पान उलटू नका, आणि स्वतः कोऱ्या पानावर नाव लिहून देत होते. नंदीबैल केला होता माझा, आणि मान हलवत होते मी.

त्या आठवड्यातच आईचा फोन आला. शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून.

"पोरी, आमी कलेक्टरला अर्ज दिला होता. टाकीचा पैसा कुटं गेला म्हनून. गल्लीतल्या समद्यांनी अंगठे दिले, मी बी दिला. आज कचेरीतून कागद आला. तुमच्याच बाईनं दिल्लीत विचारलं, काम झालंय म्हनून उत्तर आलं, आता अर्ज बंद. तू काय लिहून दिलंस गं तिकडं?"

"अजून काय लिहिलंय त्या कागदात?" मी विचारलं.

"नळ आला म्हनं घरात," आई म्हणाली. "मला तं दिसंना."

फोन ठेवला आणि मी गेस्ट हाऊसच्या त्या खोलीत रडले. खोटं कशाला सांगू, खूप रडले. मग रडू संपलं आणि संताप आला. माझ्या आईचा अर्ज बंद करायला त्यांनी माझंच नाव वापरलं होतं. दुसऱ्या कुणाचं चाललं नसतं, माझंच लागणार होतं. वस्तीतली बाई, राखीव जागेवरची, शांत. शांत म्हणूनच तर तिकीट दिलं होतं!

रविवारी साहेबांच्या मुलाकडे जेवण होतं, गुरुग्रामला. सगळे अजून गुडगावच म्हणतात. पंचवीस मजली टॉवर. गेटवरच्या गार्डने माझी सुती साडी बघितली, चपला बघितल्या आणि दुसरं रजिस्टर पुढे केलं. घरकामाच्या बायकांचं. "सर्विस लिफ्ट उधर है." दिनेश शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "चला ना ताई, वर पोचल्याशी मतलब." मी गेले. कचऱ्याच्या दोन बादल्यांशेजारी उभी राहून, देशाची खासदार, एकोणिसाव्या मजल्यावर गेले. ही माझी शेवटची मुकाट्याने केलेली गोष्ट.

वर पाहुणे होते. साहेब सोफ्यावर. मी सरळ विचारलं, "साहेब, तो प्रश्न माझ्या नावाने कुणी दिला?"

ते हसले. "अगं, तुझं नाव पेपरात आलं. पेढे वाट!"

"आमच्या वस्तीत नळ नाही."

"येईल."

"मला न विचारता माझी सही वापरली."

तेव्हा हसू गेलं. पाहुण्यांसमोरच म्हणाले, "विचारायचं काय त्यात? सीट मी दिलीय तुला. सही काय तुझ्या बापाची आहे?"

कुणीतरी खाली बघितलं. कुणीतरी कबाबाची प्लेट पुढे सरकवली. सुनेने मला विचारलं, "आप चाय लेंगी?"

माझा बाप नगरपरिषदेत झाडूवाला होता. पगाराच्या दिवशी अंगठा द्यायचा. मला सही यावी म्हणून त्याने मला शाळेत घातलं. दुसरं काही मागितलं नाही त्याने. मी साहेबांना म्हटलं, "हो. माझ्या बापाचीच आहे." आणि निघाले. जाताना समोरच्या, पाहुण्यांच्या लिफ्टने गेले. गार्ड काहीतरी बोलत होता, मी थांबले नाही.

पण राग येऊन भागत नाही. प्रश्न लिहायचा कसा, हेच मला येत नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तसं झालं. शिकवायला माणूस रोज डोळ्यांसमोर होतं. शेखबाई. मूळच्या सोलापूरच्या, फरीदाबादला राहतात. नवरा तिथल्या कारखान्यात होता. बाईंनी स्वतः तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात संसदेच्या प्रश्नांची उत्तरं टाइप केली. रिटायर झाल्यावर गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये आपल्याकडचं जेवायला यायच्या. मी त्यांच्या टेबलावर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! कोऱ्या चेकवर सही करतं का हो कोणी?" मग पर्समधून पेन काढलं. "हे बघा ताई. खर्च झाला का, काम पूर्ण का, असं विचाराल तर 'होय महोदय' लिहून मोकळे होतात. मीच टाइप केलेत असले हजार होय. घर मागा. कुणाच्या घरी, कुठल्या तारखेला नळ लागला, ते मागा. तिथे होय लिहिता येत नाही."

सोमवारी दिनेश आला. फॉर्म पुढे केले. मी म्हटलं, "आधीचे उरलेले कोरे फॉर्म कुठायत?"

"ऑफिसात असतील ताई. का?"

"घेऊन ये."

"साहेबांना विचारावं लागेल."

"मग विचारू नकोस. राहू दे."

त्याच दिवशी मी लोकसभेच्या कार्यालयात पत्र दिलं. यापुढे माझ्या हस्ताक्षरात नसलेली कुठलीही नोटीस माझी समजू नये. खिडकीवरच्या माणसाने दोनदा वाचलं. म्हणाला, "मैडम, ऐसा तो कोई नहीं देता." मी म्हटलं, मी देते. पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "पुढच्या वेळचं तिकीट विसर." एवढंच बोलले. मी म्हटलं, "विसरले."

पुढे लगेच काही झालं नाही. चिठ्ठ्या टाकून प्रश्न निवडतात. मी स्वतः लिहिलेला प्रश्न रोज देत होते, तो निघेना. एकदा निघाला तो नुसत्या लेखी उत्तराचा, आणि उत्तर आलं, माहिती गोळा केली जात आहे. शेखबाई म्हणाल्या, हे मी सगळ्यात जास्त टाइप केलेलं वाक्य. मी ते पान जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत नोटीस दिली.

अधिवेशनाला सुट्टी लागली तेव्हा गावी गेले. टाकीखाली उभी राहिले. मग वही घेऊन आमच्या गल्लीत दारोदार फिरले. चौतीस घरं. प्रत्येक घरात शिरून भिंत बघितली, नळ कुठाय विचारलं, नाव लिहिलं. काही बायका बोलेनात. एक म्हणाली, "तूच तर लिहून दिलंस झालं म्हनून." मी म्हटलं, "हो, मीच दिलं." तिच्या पुढ्यात मान खाली घालून उभी राहिले. मग तिने नाव सांगितलं.

आता माझ्या प्रश्नात ती चौतीस नावं आहेत. पहिलं नाव आईचं. वर्षाची गोळाबेरीज मला नको, टाकीचा फोटो नको. या चौतीस घरांत नळ कुठल्या तारखेला लागला, ते एकेका नावापुढे लिहून द्या. नसेल लागला तर तसं लिहा, आणि बंद केलेला अर्ज उघडा.

तिकीट जाईल. जाऊ दे. माझ्याकडे अजून साडेतीन वर्षं आहेत आणि रोज पाच नोटिसा द्यायचा हक्क आहे. रोज पाच देणार. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी उभी राहीन, नंबर सांगीन आणि अध्यक्षांनी पूरक प्रश्न म्हटलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत चौतीसही नावं वाचीन. ज्याला हसायचं त्याने हसावं. शेवटचं नाव होईपर्यंत मी बसणार नाही.