रेवस ते रेवदंडा: हॉर्न नसलेल्या रस्त्याच्या शोधात

"जिथे एकही हॉर्न वाजत नाही असा रस्ता दाखव, मग येते," ताई म्हणाली. आम्ही दोघी ठाण्यात एकाच सोसायटीत राहतो. इथे असली अट घालणं म्हणजे सरळ नाही म्हणणंच, आणि ते तिलाही माहीत होतं.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, गणिताची निवृत्त शिक्षिका. मला सायकल तिनेच शिकवली. माझ्या पन्नाशीनंतर आम्ही दोघी लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या नादाला लागलो, तेही तिच्यामुळेच. दीड वर्षापूर्वी एका रविवारी पहाटे एका टेम्पोने तिला मागून उडवलं. मी पुढे होते, नेहमीसारखी ऐटीत. मला ऐकू आला तो थेट सायकल पडल्याचा आवाज. खांद्याचं हाड जुळलं, पण तेव्हापासून मागून हॉर्न आला की तिचे हात आखडतात आणि ती खाली उतरते. प्रत्येक हॉर्नला उतरणाऱ्या माणसाने सायकल चालवायची कुठे? शेवटी तिने ठरवून टाकलं की सायकल शोभाला द्यायची. शोभा तिच्याकडे स्वयंपाकाला येते आणि चार घरांची कामं पायी फिरून करते. मी म्हटलं, देण्याआधी एक शेवटची सहल कर. त्यावर ही अट आली.

मी नकाशा घेऊन बसले. रायगडच्या किनाऱ्यावर शनिवारी-रविवारी अर्धी मुंबई गाड्या घेऊन उतरते, हे मान्य. पण धरमतरच्या खाडीकाठी एक बारीक रेघ दिसत होती, रस्ताही नव्हे आणि नदीही नव्हे. ही काय भानगड आहे, या कुतूहलापोटीच निम्मी सहल ठरली.

जानेवारीतला मंगळवार धरला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सव्वा-दीड तासात पोचवते. सायकलचे थोडे वेगळे पैसे पडतात आणि खलाशीच ती उचलून आत घेतो. पावसाळ्यात ही लाँच बंद असते, तेव्हा बेत हिवाळ्यातच आखा.

रेवसहून अलिबागच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळाने डावीकडे खाडीच्या बाजूला वळलो. नकाशावरची रेघ सापडली. तो बांध निघाला. एका बाजूला तिवरं आणि खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची कापलेली खाचरं. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, वर दीड हात रुंद पायवाट. सायकलचे टायर जाड हवेत, आणि तोल गेलाच तर उजवीकडे पडा, तिकडे निदान शेत आहे. पश्चिमेला कनकेश्वरचा डोंगर दिवसभर सोबत करतो. तासभरात आम्हाला एकही वाहन भेटलं नाही. मागून ताईच्या गुणगुणण्याचा आवाज आला तेव्हा मी मुद्दामच वळून पाहिलं नाही.

वाटेत बांधातलं एक लाकडी दार लागलं. त्याला इथे उघाडी म्हणतात. शेतातलं पाणी ओहोटीला यातून बाहेर सोडायचं आणि भरतीला दार बंद. त्याच्या तोंडाशी जाळं लावून एक काकी बसल्या होत्या. टोपलीत ओंजळभर कोलंबी होती.

"पुढं खांड गेलीय," त्या म्हणाल्या. "बांध फुटलाय. पन जाल तुम्ही. आज भांग हाय."

ताईने शाळेतल्या आवाजात सांगितलं, "नको हो काकी, आम्ही घेत नाही."

काकी क्षणभर बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "अगं बाय माजे, प्यायची भांग न्हाय. पान्याची भांग." अमावास्या-पुनवेला उधाण येतं हे मला ठाऊक होतं, पण अष्टमीच्या आसपास समुद्र आळसावतो, भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही, त्या दिवसांना भांग म्हणतात, हे आज कळलं. "उधानाला हितं छातीपत्तर पानी असतंय. आज पान्याला जोर न्हाय. पोटरी भिजंल, झालं."

त्या स्वतः आमच्यापुढे चालत आल्या. वीसेक पावलांची खांड होती, गावकऱ्यांनी पाण्यात दगड टाकून ठेवले होते. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या. पाणी खरंच पोटरीएवढं. नुसत्या भरतीच्या वेळा पाहून येऊ नका, तिथीही पाहा. आमच्या नशिबाने अष्टमी होती, अक्कल काही नव्हती.

बांध संपल्यावर पश्चिमेला वळलो, मुक्काम समुद्रकाठच्या किहीमला. नारळाच्या वाडीतल्या घरगुती खोल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत निम्म्या भाड्यात मिळतात. जेवायला जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. जिताडा मागायचा तर सकाळीच फोन करून सांगा, आयत्या वेळी पापलेटावर भागवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतून निघालो. गल्ली चिंचोळी, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे. आणि मागून आला भोंगा. पों पों.

ताई उतरली. उतरली म्हणजे जवळजवळ पडलीच, सायकल गडग्यावर आपटली. मी धावत मागे आले. मागे उभा होता एक पाववाला. तोही सायकलवरच. कॅरियरला निळ्या कापडात गुंडाळलेली भलीमोठी टोपली, हँडलला रबरी फुग्याचा भोंगा.

"घाबरलाव काय ताई?" तो उतरून म्हणाला.

"मागून वाजवता कशाला?" ताई चिडली होती. चिडली की तिचा आवाज बारीक होतो. "माणूस पडेल ना!"

"तुम्ही दिसलाव म्हनून वाजवला," तो शांतपणे म्हणाला. "जो दिसलाच न्हाय त्याला कोन कशाला वाजवल?"

त्याने आम्हाला नरम पावांची लादी बांधून दिली आणि पों पों करत पुढे निघून गेला. ताई गडग्यावर बसून राहिली. एक पाव तोडून तिने तो बराच वेळ चावला.

"त्या दिवशी तू हॉर्न ऐकलास?"

मी आठवून पाहिलं. आठवायचं काय त्यात? दीड वर्ष दुसरं करत काय होते मी? "नाही," म्हटलं. "हॉर्न नव्हताच."

"मलाही आठवत नाही," ती म्हणाली. "म्हणजे मी भलत्यालाच भीत बसले."

आता तिची भीती पळाली आणि आम्ही सुसाट निघालो, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. सागरगडाच्या पायथ्याच्या गावांतून आतला रस्ता धरला. चढउतार आहेत, पण डोंगरातून उतरणारे ओढे आणि वालाची शेतं बघत दम खाता येतो. वाटेत मागून दोन मोटारसायकली आल्या, ताई दोन्ही वेळा उतरली. पण दुसऱ्या वेळी उतरल्यावर तिने मागे वळून पाहिलं. आजवर ती डोळे मिटून घ्यायची.

दुपारनंतर चौलच्या सुपारीच्या वाड्यांमधून रेवदंड्याला पोचलो. इथे कुंडलिका समुद्राला मिळते, आणि पलीकडे डोंगर असे पाण्यात पाय सोडून बसलेले. काठावर बोंबील वाळत होते. वासाची सवय व्हायला अर्धा तास लागतो, मग भूक लागते.

तिसऱ्या दिवशीचा बेत मी घरूनच आखला होता. रेवदंडा-अलिबाग रस्ता अरुंद, त्यावर एसटी, पर्यटकांच्या गाड्या, सगळंच. म्हणून सायकली मिनिडोअरच्या टपावर टाकायच्या. इथल्या सहा आसनी रिक्षेला मिनिडोअर म्हणतात, ड्रायव्हर दोरी घेऊन तयारही होता. ताईने दोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे दादा. आम्ही चालवत जातो." मग माझ्याकडे वळून, "तू मागे राहा."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या मागे सायकल चालवली. नागावच्या अलीकडे माझ्याही मागून एसटी आली आणि तिने हॉर्न दिला, तो काही पाववाल्याचा भोंगा नव्हता. ताईचे खांदे कानांपर्यंत गेले. सायकल डगमगली. मी ओरडणार होते, पण तिने डावीकडे सरकून एक हात वर केला, वर्गात हजेरी देताना करतात तसा. एसटी हळू होऊन बाजूने निघून गेली. ताई उतरली नाही. मला रडू आलं, चष्मा पुसायला मीच उतरले.

अलिबागहून रेवस गाठलं आणि लाँचने परतलो.

घरी येऊन महिना झाला. शोभाला शब्द दिलेला होता, त्यामुळे सायकल द्यावी लागलीच. फक्त ती माझी गेली. ताई रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात शोभाला शिकवते. परवा मी गॅलरीतून ऐकत होते.

"मागून हॉर्न आला तर घाबरायचं नाही," ताई सांगत होती. "त्याला तू दिसलीस म्हणूनच वाजवतोय तो."

"आणि न वाजवणारा आला तर?" शोभाने विचारलं.

ताईने वर गॅलरीकडे बोट दाखवलं. "त्याच्यासाठी हिला मागे ठेवायचं."