झुंजाररावचं नाव सगळ्यांत वर

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ऑफिसात माणसं तीन आणि कॉम्प्युटर दोन असले, की एकाला कायम बोलत बसावं लागतं आणि उरलेल्या दोघांच्या हातून काही ना काही घडत राहतं. बोलत बसणारा मी. त्यामुळे सगळा साठा माझ्याकडे!

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. जुन्या पनवेलमध्ये एका सायकलच्या दुकानाच्या डोक्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक ढवळे सर, प्रोग्रामर झुंजारराव आणि मी. मी गिऱ्हाइकाकडे जाऊन प्रोग्राम बसवायचो, शिकवायचो आणि शिव्या खायचो.

आमच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये एक यादी असे. तिच्या डोक्यावर हेडिंगं: नाव, वय, गाव. ज्या हेडिंगवर क्लिक कराल त्या क्रमाने यादी लागते, पुन्हा क्लिक केलंत की उलटी होते. लोकांना वाटतं, हे आपोआप होतं. नाही हो! क्लिक झाल्यावर पुढे काय करायचं, ते कुणीतरी बसून लिहावं लागतं. आमच्याकडे ते झुंजारराव लिहायचा.

झुंजाररावचं एकच दुखणं होतं. लग्न! पोरगा गुणी, विचुंब्याला नवाकोरा फ्लॅट घेतलेला, आईने पडदेसुद्धा शिवून लावलेले. पण स्थळ काही जमेना. त्यात कॉम्प्युटरच्या कुठल्याही यादीत नाव इंग्रजीत, आडनावाने सुरू होणारं, म्हणजे झेडवरून. "शाळेत मराठी हजेरीत मी मध्ये तरी होतो," तो म्हणायचा, "कॉम्प्युटरने मला पार शेवटी नेऊन बसवलं!"

*

आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे नलूताई. नवीन पनवेलला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्या वधू-वर मंडळ चालवायच्या. वहीवरून कॉम्प्युटरवर आल्या त्या गल्लीतल्या क्लासला जाऊन, आणि तिथे 'डबल क्लिक' नावाची जी एक विद्या शिकल्या, ती त्यांनी सरसकट लावली. जिथे एकदा पुरतं, तिथेही टक-टक!

त्यामुळे काहीतरी दोनदा उघडायचं, दोनदा छापून यायचं. मी म्हटलं, "ताई, बटणावर एकदाच क्लिक करायचं असतं."

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "माझ्या घरात एकदा सांगून आजवर कुणी ऐकलेलं नाही. हे मेलं मशीन तरी का ऐकेल?"

त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, आतून, न बोलावता, "आलो, आलो!" म्हटलं.

*

एकदा पेणचे एक गृहस्थ मुलीसाठी आले. मुलगी चांगली उंच, त्यामुळे जावई तिच्याहून उंच हवा. नलूताईंनी 'उंची' या हेडिंगवर क्लिक करून उंचांना वर आणलं. पहिला मुलगा पाच फूट नऊ इंच. त्याला बघून आले, मुलीने नाक मुरडलं.

मग यादी चाळताना लक्षात आलं, की पाच-दहा आणि पाच-अकरावाली मुलं खाली, पाच-एक आणि पाच-दोनवाल्यांच्या मधे उभी आहेत! झुंजाररावने उंची आकड्यासारखी न धरता शब्दासारखी धरली होती. कॉम्प्युटर एकेक अक्षर बघत गेला. नऊ मोठा, आणि दहामधला पहिला एक छोटा. झालं!

झुंजारराव धावत जाऊन माफी मागायला लागला. नलूताईंनीच त्याची समजूत काढली. "जाऊ दे रे बाळा. जो कॉम्प्युटर जन्मात कधी उभा राहिला नाही, त्याला उंची काय कळणार?"

*

ते दुरुस्त केलं, तर दुसरीकडे फाटलं.

नलूताईंनी एका इंजिनीअर मुलाच्या ओळीवर बोट ठेवलं, मग 'वय' वर क्लिक केलं, मग 'निरोप छापा' वर. यादी हलली, मुलगा नव्या जागी गेला, पण प्रोग्रामने त्याची जुनी जागाच लक्षात ठेवलेली. त्या जागेवर आता भलताच बसलेला! निरोप त्याला गेला.

रविवारी मुलीकडची मंडळी पोह्यांच्या ताटल्या भरून इंजिनीअरची वाट बघताहेत, आणि दारात उरणच्या बंदरात नोकरी करणारा मुलगा, आईवडील, मावशी आणि ताज्या मच्छीची पिशवी घेऊन हजर. पोहे बाजूला राहिले, मच्छी तळली गेली, आणि तासाभरात सुपारी फुटली!

सोमवारी ढवळे सरांनी झुंजाररावला चूक शोधायला पाठवलं. नलूताईंनी त्याचा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. "खबरदार हात लावशील तर! माझ्याकडून इतक्या झटपट कधी जमलं नव्हतं."

झुंजारराव मला जिन्यात म्हणाला, "माझी चूकसुद्धा दुसऱ्याचं लग्न जमवते!" पण शहाण्याने चूक मात्र गुपचूप काढली.

*

मग आली उरणची मच्छीमार सोसायटी. बोटींना बर्फ द्यायचा हिशेब ठेवायचा होता. प्रोग्राम बसवून आम्ही परतलो, तर दुसऱ्याच सकाळी फोन. "तुमी आदी हिते या!"

गेलो. तांडेल काका, म्हणजे सोसायटीतले सगळ्यात जुने बोटवाले, कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. मागे बाकीचे बोटवाले उभे.

"माजी बोट पयली हाय. माज्या आजाच्या टायमापासून पयली. ती खाली कोनी ढकलली?"

तिथे बोटींचा क्रम म्हणजे मान! कारकुनाने सहज 'मालक' या हेडिंगवर क्लिक केलं आणि आख्ख्या बंदराचा मान उलटापालटा झाला. झुंजारराव समजावत होता, "काका, बर्फ तेवढाच मिळणार आहे."

"बरफाचा काय घिऊन बसलास? पयला नाव तो पयला नाव! लोक वरचाच वाचतान. खाली कोन बघतंय?"

शेवटी झुंजाररावने त्या हेडिंगांचं काम बंदच केलं. दाबलं की हेडिंग बटणासारखं आत जायचं, बाहेर यायचं, यादी जागची हलायची नाही. काकांनी स्वतः दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं. खूश!

"ह्यो बेस झाला. आमच्या सेक्रेटरीसारका! मान हालवतो, पन करीत काय नाय!"

परतीच्या वाटेवर झुंजारराव मधेच म्हणाला, "खरंय काकांचं. खाली कोण बघतंय?"

तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

*

पुढच्याच आठवड्यात त्याने नलूताईंकडे स्वतःचं नाव नोंदवलं, आणि प्रोग्राममध्ये आपल्या हाताने एक बारीक करामत केली. कुठल्याही हेडिंगवर क्लिक करा, नाव, वय, उंची, पगार, काहीही, पहिली ओळ झुंजारराव! ऑफिसात त्याने मला करून दाखवलं. प्रत्येक क्लिकला नाव वर. मीही टाळी दिली.

आणि फोन एकही नाही. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, याचं नाही. आई पडदे काढून धुऊन पुन्हा लावायची आणि याच्याकडे बघायची.

शेवटी एका शनिवारी "अपडेट टाकायचंय" असं सांगून आम्ही दोघं नलूताईंकडे गेलो. समोर एक बाई आणि त्यांची मुलगी बसलेल्या. मुलगी कुठल्याशा कंपनीत डेटा एंट्रीला होती. "थांबा हं, यांना यादी दाखवते," म्हणत नलूताईंनी 'वय' वर माऊस नेला.

टक-टक!

पहिल्या टकला झुंजारराव वर चमकला. दुसऱ्या टकला यादी उलटली आणि तो सरळ तळाला! 'उंची'. टक-टक! तळाला. 'पगार'. टक-टक! तळाला. आम्ही ऑफिसातली मंडळी एकदाच क्लिक करतो, त्यामुळे उलट्या यादीत काय होतं ते बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आणि खरी गंमत पुढेच. उलट्या यादीत झेड आपसूक पहिला येतो! गडी काही न करता गप्प बसला असता, तर निदान नावाच्या क्रमात तरी नलूताईंच्या हातून पहिला आला असता!

झुंजाररावला राहवेना. "ताई, प्लीज, एकदाच क्लिक करा ना."

नलूताईंनी नवलाने 'नाव' वर एकदाच टक केलं. झुंजारराव वर. त्याच्या खाली आगाशे, आपटे, बापट.

मुलगी पुढे वाकली. "अय्या, झेड 'ए'च्या वर कसा?"

तिने नलूताईंच्या हातातून माऊस घेतला. 'वय'. वर. 'गाव'. वर. पुन्हा क्लिक. खाली. मग तिने मान वळवून घामाघूम उभ्या झुंजाररावकडे पाहिलं.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"आणि हे तुम्हीच?" तिने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"हो."

मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. नलूताई डोळे वटारून, "अरे गुलामा!"

मुलगी हसली नाही. शांतपणे विचारलं, "म्हणजे घरीपण असंच का? मी काहीही म्हटलं तरी तुम्हीच वर?"

झुंजाररावने पडद्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं.

"नाही. एकदा म्हटलंत तर वर. दोनदा म्हटलंत की खाली येतो."

*

विचुंब्याला त्याच्याकडे कधी गेलात, तर दारावरच्या बेलखाली त्याच डेटा एंट्रीवालीच्या टपोऱ्या अक्षरातली एक चिठ्ठी दिसेल:

'कृपया दोनदा वाजवा.'